विश्लेषण : फासे तुमचे, गोष्ट तुमची; पण जग कुणाच्या नावावर?

खेळ रचायचा आणि त्याच जगावर कादंबऱ्या लिहायच्या, हे करिअर होऊ शकतं का? उत्तर प्रतिभेपेक्षा करारात जास्त दडलेलं आहे.

१९८८ मध्ये गॅरी गायगॅक्स या अमेरिकी लेखकांनी आपल्या कादंबरीत एक अख्खं जग संपवून टाकलं. राज्यं, शहरं, सगळं. हे जग दुसऱ्या कुणाचं नव्हतं, त्यांनीच बनवलेलं होतं. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ डेव्ह अर्नेसन यांच्यासोबत १९७४ मध्ये लोकांसमोर आणणारे गायगॅक्स ते हेच.

झालं असं, की १९८५ मध्ये ‘टीएसआर’ या स्वतःच उभ्या केलेल्या कंपनीतल्या सत्तासंघर्षात गायगॅक्स हरले आणि पुढे बाहेर पडले. ‘ग्रेहॉक’ हे त्यांचं काल्पनिक जग कंपनीकडेच राहिलं. ‘गॉर्ड’ नावाच्या आपल्या नायकाच्या कादंबऱ्या लिहिण्याचा हक्क तेवढा त्यांच्या हाती उरला. मग मालिकेच्या शेवटच्या कादंबरीत त्यांनी त्या जगाचाच शेवट केला. कंपनीला त्यानं काहीही फरक पडला नाही. तिच्या पुस्तकांत ग्रेहॉक पुढेही चालूच राहिलं.

खेळ रचणारे आणि त्याच जगावर कादंबऱ्या लिहिणारे जगभर आता बरेच आहेत. त्यांच्या करिअरकडे पाहिलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कोण किती चांगलं लिहितो, यापेक्षा त्यानं रचलेलं जग कागदोपत्री कुणाचं आहे, यावर त्याचं पुढचं आयुष्य ठरतं. माझं मत सरळ आहे. मुंबईत जो कुणी या वाटेला जाऊ पाहतोय, त्यानं ड्रॅगन काढायला शिकण्याआधी करार वाचायला शिकावं.

हा खेळ नेमका असतो काय?

पूर्ण नाव ‘टेबलटॉप रोल प्लेइंग गेम’. स्क्रीन लागत नाही, पट असलाच पाहिजे असंही नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो. कुणी योद्धा, कुणी वैदू, कुणी चोर. एक जण सूत्रधार होतो, त्याला खेळणारे ‘डीएम’ किंवा ‘जीएम’ म्हणतात. तो प्रसंग सांगतो आणि विचारतो, ‘आता तू काय करणार?’

समजा, सूत्रधार म्हणाला, ‘रात्र झालीय, वसईच्या किल्ल्यात तुम्ही अडकलाय, आणि भिंतीपलीकडून कुणीतरी तुमचं नाव घेऊन हाक मारतंय.’ तुम्ही म्हणालात, ‘मी भिंत चढतो.’ जमतं का, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आकडा मोठा आला तर चढलात, लहान आला तर पडलात. पडल्यावर काय होतं, ती पुढची गोष्ट.

कोकणातला दशावतार पाहिलेल्यांना हा प्रकार परका वाटणार नाही. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथानक ठाऊक असतं, संवाद कलाकार रंगमंचावर जागच्या जागी रचतात. यात फक्त फाशांची भर घाला आणि शेवट कुणालाच ठाऊक नाही असं समजा.

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेतली मुलं तळघरात बसून हाच खेळ खेळतात. २०१६ मध्ये ती मालिका आली आणि हा खेळ आपल्याकडच्या अनेकांच्या मोबाइलवर पहिल्यांदा दिसला. आज अंधेरीतल्या बोर्ड गेम कॅफेत तो खेळला जातो, बोरिवली-मुलुंडच्या हॉलमध्ये शनिवारी रात्रीही. घरच्यांना वाटतं पत्ते चाललेत.

खेळ रचणारा कादंबरीकार का होतो?

कारण काम जवळपास एकच आहे. खेळाला नियम लागतात, पण नियमांपेक्षा जास्त लागतं ते जग. नकाशा लागतो. राजा कोण, त्याचं कुणाशी वैर, मिठावर कर किती, देऊळ कुणी पाडलं, हे सगळं सूत्रधाराला माहीत असावं लागतं, कारण खेळणारा कधीही काहीही विचारू शकतो. वर्षभर असं खेळलं की हातात शे-दोनशे पानांची सामग्री जमते. कादंबरीचा अर्धा गृहपाठ तिथेच झालेला असतो.

अमेरिकेत ट्रेसी आणि लॉरा हिकमन या जोडप्यानं १९८० च्या सुमारास आपल्या घरी खेळण्यासाठी साहसं लिहिली. ती टीएसआरला विकायला का नेली, तर मुलांसाठी बूट घ्यायला पैसे नव्हते, असं ट्रेसी हिकमन यांनी पुढे सांगितलंय. त्यातून त्यांना तिथे नोकरी लागली. कंपनीत संपादक असलेल्या मार्गारेट वाइस यांच्यासोबत त्यांनी १९८४ मध्ये ‘ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट’ ही कादंबरी लिहिली. ती ‘ड्रॅगनलान्स’ या जगातली पहिली. खेळ आणि कादंबरी एकाच वेळी, एकाच जगावर. हा प्रयोग तुफान चालला.

जपानमध्ये तर खेळाच्या बैठकीचं शब्दांकनच मासिकात छापलं गेलं. १९८६ मध्ये ‘कॉम्प्टिक’ मासिकात ‘रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर’ याच रूपात सुरू झालं. सूत्रधार होते र्यो मिझुनो. १९८८ मध्ये त्यांनी त्यावर कादंबरी लिहिली, मग ॲनिमे आलं.

म्हणजे ‘असं करिअर असतं का?’ या प्रश्नाचं उत्तर चाळीस वर्षांपूर्वीच मिळालंय. असतं. प्रश्न पुढचा आहे.

मग पैसा आणि हक्क कुणाकडे जातात?

यासाठी दोन रकाने करू. पहिला, ज्यांनी आपलं जग विकलं त्यांचा.

एड ग्रीनवूड हे कॅनडातले ग्रंथालय कर्मचारी. ‘फरगॉटन रेल्म्स’ हे जग त्यांनी लहानपणीच गोष्टी लिहिता लिहिता रचायला घेतलं होतं. १९८६ च्या सुमारास त्यांनी ते काही हजार डॉलरना टीएसआरला विकलं. आज त्याच जगावर ‘बाल्डर्स गेट ३’ हा व्हिडिओ गेम उभा आहे, जो २०२३ च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरला. त्याच वर्षी आलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स : ऑनर अमंग थीव्ह्ज’ हा चित्रपटही त्याच जगात घडतो. ग्रीनवूड यांना नाव आणि मान भरपूर मिळाला, त्या जगावर कादंबऱ्याही त्यांनी लिहिल्या. पण जगाची मालकी मूळ कंपनीकडून ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’कडे आणि १९९९ मध्ये ‘हॅस्ब्रो’कडे गेली.

वाइस आणि हिकमन यांचीही तीच गत. त्यांचं ड्रॅगनलान्स नोकरीत असताना तयार झालं, म्हणून ते कंपनीचं. ऑक्टोबर २०२० मध्ये या दोघांना आपल्याच जगावरच्या नव्या कादंबऱ्यांसाठी कोर्टात जावं लागलं. ठरलेली मालिका कंपनीनं मध्येच थांबवली, असा त्यांचा दावा होता आणि मागणी होती एक कोटी डॉलरहून अधिक भरपाईची. डिसेंबरमध्ये त्यांनी दावा मागे घेतला आणि २०२२ मध्ये नवी कादंबरी बाजारात आली. गोष्ट गोड झाली, पण स्वतःच्या पात्रांना भेटायला वकील घेऊन जावं लागलं, हे विसरू नये.

सर्वांत बोलकं उदाहरण २००२ चं आहे. विझार्ड्स ऑफ द कोस्टनं नव्या जगासाठी खुली स्पर्धा घेतली. अकरा हजारांच्या आसपास प्रवेशिका आल्या. कीथ बेकर जिंकले, त्यांचं ‘एबेरॉन’ २००४ मध्ये प्रसिद्ध झालं आणि पुढच्याच वर्षी त्यावर त्यांची कादंबरी आली. बक्षीस घसघशीत होतं, जग अर्थातच कंपनीचं झालं. शेवटच्या तिघांत रिच बर्लू नावाचे आणखी एक डिझायनर होते. ते हरले, पण मोबदला घेऊन त्यांनी लिहून दिलेलं जगही कंपनीच्या मालकीचं झालं. ते आजवर छापलं गेलेलं नाही.

याच बर्लू यांनी २००३ मध्ये काडीच्या माणसांची एक साधी कॉमिक सुरू केली, ‘ऑर्डर ऑफ द स्टिक’. ही त्यांच्या मालकीची. २०१२ मध्ये तिची जुनी पुस्तकं पुन्हा छापण्यासाठी त्यांनी किकस्टार्टरवर वाचकांकडे पैसे मागितले. साडेबारा लाख डॉलर जमले. माणूस तोच, कौशल्य तेच. एक जग कपाटात बंद आहे आणि दुसऱ्यानं त्याचं घर चालवलं.

आता दुसरा रकाना, ज्यांनी जग आपल्याकडे ठेवलं त्यांचा. स्टीव्हन एरिक्सन आणि इयान एसलमाँट हे पुरातत्त्व शिकलेले दोन मित्र. १९८२ पासून ते आपापसात खेळण्यासाठी ‘मलाझन’ हे जग रचत होते. १९९९ मध्ये एरिक्सन यांची ‘गार्डन्स ऑफ द मून’ आली आणि दोघांच्या मिळून कादंबऱ्यांची रांग लागली. ‘द एक्स्पान्स’ ही मालिका तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिचं मूळ टाय फ्रँक यांनी मित्रांसोबत चालवलेल्या खेळात आहे. डॅनियल अब्राहम यांना ते जग आवडलं आणि दोघांनी मिळून ‘जेम्स एस. ए. कोरी’ या टोपणनावानं २०११ पासून नऊ कादंबऱ्या लिहिल्या. टीव्ही मालिका झाली तेव्हा लेखनाच्या आणि निर्मितीच्या टेबलावर हे दोघेही होते. आपल्या जगाचं काय करायचं, हे त्यांना विचारल्याशिवाय ठरत नव्हतं.

आपल्याकडे असं कुणी आहे का?

आहे, आणि मुंबईतूनच. झेन मेमन हे खेळ रचतात. आनंद गांधी यांच्यासोबत मुंबईत सुरू झालेल्या ‘मेमेसिस कल्चर लॅब’मध्ये त्यांनी आधी व्हर्च्युअल रिॲलिटीत माहितीपटांचं काम केलं. २०१९ मध्ये त्यांचा ‘शासन’ हा बोर्ड गेम किकस्टार्टरवर आला. शासन हा काटेकोर अर्थानं रोल प्लेइंग गेम नाही, पण खेळणारा त्यात राजकारण्याची भूमिका घेतो. धोरणांच्या प्रश्नांवर हो किंवा नाही म्हणायचं, त्या उत्तरांतून निधी, दबदबा, प्रसिद्धी किंवा विश्वास कमवायचा आणि त्यावर मतदार मिळवायचे. चारपाच फेऱ्यांत सज्जन मित्र मतदारसंघांच्या सीमा कशा फिरवायला लागतात, ते पाहण्यासारखं असतं.

याच जोडीनं पुढे ‘माया’ हे स्वतःचं काल्पनिक जग रचलं. २०२५ मध्ये त्यातली ‘सीड टेक्स रूट’ ही पहिली कादंबरी आली. कल्पना अशी, की एकच जग कादंबरीत, खेळात, पडद्यावर असं वेगवेगळ्या माध्यमांत फिरवायचं. ते किती चालेल, हे वाचक ठरवतील. मला महत्त्वाची वाटते ती रचना. जग आधी आपल्या घरात उभं केलं आणि मग बाजारात नेलं.

दुसरा रस्ता मिमी मंडल यांचा. मूळच्या कोलकात्याच्या या लेखिकेचं नाव फँटसी आणि विज्ञानकथेत जगभर घेतलं जातं. २०२२ मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्सचा ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ हा १३ साहसांचा संग्रह आला. त्यात बंगालची आठवण करून देणारं एक साहस त्यांनी लिहिलं. त्या प्रकल्पाच्या नेतृत्वात अजित जॉर्ज हे भारतीय वंशाचे डिझायनर होते. हे काम मोठ्या ब्रँडसाठीचं, पण लेखकाची ओळख जगभर पोहोचवणारं.

मुंबईत जन्मलेले अमीश त्रिपाठी उलट्या बाजूनं आले. २०१० मध्ये ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ प्रकाशकांनी नाकारल्यावर त्यांनी स्वतःच काढली. तोवर आणि त्यानंतरही काही काळ त्यांची वित्त क्षेत्रातली नोकरी चालू होती. आता ते ‘द एज ऑफ भारत’ या व्हिडिओ गेमच्या कंपनीत सहसंस्थापक आहेत.

आणि मराठीत?

मराठीत कल्पनेची जगं रचणारे होतेच, फक्त त्यांचं अर्थकारण वेगळं होतं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळा पहाड ही पात्रं घराघरांत होती. एवढं लिहूनही त्यांचं चष्म्याचं दुकान होतंच.

नारायण धारप यांचं उदाहरण तर आजच्या विषयाशी थेट जोडलेलं आहे. समर्थांच्या कथा, भयकथा, विज्ञानकथा असं विपुल लिहून ते २००८ मध्ये गेले. दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘तुंबाड’ आला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना १९९३ मध्ये नागझिराच्या जंगलात एका मित्रानं सांगितलेली धारपांची गोष्ट, हे त्या चित्रपटाचं एक बीज. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. आणि चित्रपटाच्या लेखकांपैकी एक, तसेच क्रिएटिव्ह डायरेक्टर, म्हणजे वर उल्लेख झालेले आनंद गांधी. धागा असा धारपांपासून ‘माया’पर्यंत येतो.

भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट टिकतो. धारपांच्या लेखनावर तो २०६८ संपेपर्यंत राहील. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी लिहिलेलं वाचनालयातलं पुस्तक इतकी वर्षं कमावू शकतं. पण कुणासाठी, हे त्या वेळच्या सहीवर ठरतं.

कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, २०१२ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. खेळ रचणाऱ्यानं त्यातली चार कलमं तरी समजून घ्यावीत.

पहिली गोष्ट, खेळाच्या नियमांमागची कल्पना कुणाच्याही मालकीची होत नाही. वीस बाजूंचा फासा टाकून भिंत चढणं तुम्ही अडवू शकत नाही. पण तुम्ही लिहिलेला मजकूर, चित्रं, नकाशे आणि नीट रंगवलेली पात्रं यांना संरक्षण मिळतं. खेळाच्या नावासाठी ट्रेडमार्क वेगळा घ्यावा लागतो. म्हणजे नियमांपेक्षा जग हीच खरी मालमत्ता.

कलम १७. नोकरीत, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक कंपनी असते, वेगळं लिहून घेतलेलं नसेल तर.

कलम १८. हक्क विकताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यावसायिक वापरात नव्हतं, त्याचे हक्क करारात स्पष्ट उल्लेख नसेल तर जात नाहीत. म्हणून करारात ‘भविष्यात येणारी सर्व माध्यमं’ असे शब्द दिसले की थांबा. ते उगाच घातलेले नसतात.

कलम १९. हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. किती काळासाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं, कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत, असं कायदा मानतो. घेणाऱ्यानं वर्षभरात ते हक्क वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं म्हटलं नसल्यास ते संपतात. बर्लू यांचं कपाटात पडलेलं जग आठवा. आपल्याकडे अशा लेखकाला निदान एक दार आहे. पण तुम्हीच ‘कायमस्वरूपी, जगभरासाठी’ यावर सही केली असेल तर ते दारही बंद.

कलम ५७. हक्क विकले तरी लेखक म्हणून नाव लावण्याचा आणि प्रतिष्ठेला धक्का बसेल अशी मोडतोड झाल्यास तक्रार करण्याचा हक्क लेखकाकडे राहतो.

इंजिनीअरनं आधी काय वाचावं?

ऑफर लेटर. मी स्वतः इंजिनीअरिंग करून या धंद्यात आलो, त्यामुळे हे जवळून पाहिलंय. माझा एक कॉलेजमित्र मुलुंडहून ऐरोलीला नोकरीला जातो. तीन वर्षं तो फावल्या वेळात एक बंदर रचतोय. तिथले कोळी, तिथला जकातनाका, समुद्राशी केलेला आणि मोडलेला एक करार. दीडशे पानं झालीत, आम्ही त्यात खेळलोय, आणि ते जग चांगलं आहे. त्याला विचारलं, ‘तुझ्या ऑफर लेटरमध्ये बौद्धिक संपदेबद्दल काय लिहिलंय?’ तो म्हणाला, ‘अरे, सही केली, वाचतं कोण?’

अनेक आयटी कंपन्यांच्या करारांत नोकरीच्या काळात तुम्ही बनवलेल्या गोष्टींवर कंपनी हक्क सांगू शकेल अशी भाषा असते, कधी कामाच्या वेळेपुरती, कधी त्याहून पसरट. दुसरं काम करण्यावरही बंधन असतं. २०२२ मध्ये विप्रोनं स्पर्धक कंपन्यांसाठी काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं होतं. घरी बसून काल्पनिक बंदर रचणं ही त्यातली गोष्ट नाही. पण ते बंदर विकायला काढाल तेव्हा पहिला प्रश्न ‘हे तुम्ही कधी आणि कुठल्या लॅपटॉपवर केलं?’ हाच येऊ शकतो. म्हणून ऑफिसचा लॅपटॉप आणि ऑफिसचा ई-मेल यासाठी वापरू नका. शक्य असेल तर एचआरकडून लेखी परवानगी घ्या. कंटाळवाणं आहे, पण फुकट आहे.

सरकार काही करतंय का?

करतंय, पण नजर स्क्रीनवर आहे. २०२५ मध्ये मुंबईत ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज’ सुरू झाली, तिचं कायमस्वरूपी संकुल गोरेगावच्या फिल्म सिटीत व्हायचंय. राज्य सरकारनंही ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी ३,२६८ कोटी रुपयांचं धोरण मंजूर केलं. त्याच वर्षी केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ॲपवर बंदी आणली. परिणाम असा, की घरी ‘गेमिंग’ म्हटलं की आई-बाबांच्या डोळ्यांसमोर एकतर जुगार येतो नाहीतर ग्राफिक्स कार्डाचं बिल.

कागदावरचा खेळ या दोन्हींत बसत नाही आणि म्हणूनच तो सर्वांत स्वस्त शाळा आहे. व्हिडिओ गेम बनवायला टीम आणि गुंतवणूक लागते. हा खेळ बनवायला वही, फासे आणि प्रामाणिकपणे ‘कंटाळा आला’ म्हणणारे चार मित्र पुरतात. नव्या संस्थांच्या अभ्यासक्रमात एका सत्राचा कागदी खेळ आणि एका सत्राचा करारवाचनाचा विषय असला, तर तो कुठल्याही महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त कामाला येईल.

पण नवख्याचं ऐकतं कोण?

हा आक्षेप खरा आहे. ग्रीनवूड यांनी आपलं जग विकलं नसतं, तर कदाचित ते त्यांच्या घरातल्या खोक्यांतच राहिलं असतं. हिकमन यांना मुलांच्या पायात बूट हवे होते. बोरिवलीच्या फ्लॅटचा हप्ता भरणाऱ्याला ‘मालकी सोडू नको’ असं सांगणं सोपं असतं.

शिवाय मोठ्या ब्रँडच्या सावलीत राहूनही पोट भरता येतं. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या खुल्या परवान्यावर जगभरचे शेकडो लहान प्रकाशक वर्षानुवर्षं जगत होते. जानेवारी २०२३ मध्ये तो परवाना बदलण्याचा मसुदा फुटला आणि सगळ्यांची झोप उडाली. खेळणाऱ्यांनी इतका आवाज केला, की महिना संपायच्या आत कंपनीला माघार घ्यावी लागली आणि मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सखाली कायमचा खुला करावा लागला. चांगलं झालं. पण ते तीन आठवडे शेकडो लोकांचा धंदा दुसऱ्याच्या एका कागदावर टांगलेला होता.

म्हणून माझा सल्ला ‘विकू नका’ असा नाही. काम विका, जग विकू नका. दुसऱ्याच्या जगासाठी साहसं लिहा, शब्दामागे पैसे घ्या, नाव कमवा. मंडल यांचं काम याच प्रकारातलं आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण जे जग तुम्ही दहा वर्षं जपलंय, ते पहिल्या ब्रीफमध्ये ओतू नका. कुणी मागितलंच, तर हक्क विकण्याऐवजी मुदतीचा परवाना द्या. तीन वर्षं, मराठी आणि इंग्रजी, फक्त छापील खेळ, असं मोजून. समोरचा ‘हे शक्य नाही’ म्हणाला, तर निदान एक कादंबरी लिहिण्याचा हक्क स्वतःकडे ठेवा.

भाषेचा मुद्दाही इथेच येतो. इंग्रजीत या खेळांची गर्दी आहे, मराठीत मैदान जवळपास मोकळं आहे. वेताळ, म्हसोबा, घाटातली चकवा लागणारी वाट यांच्यावर कुणाचाही कॉपीराइट नाही. नियमांची पंचवीस पानं आणि एक साहस मराठीत लिहून पीडीएफ काढायला प्रकाशक लागत नाही. ते शंभर जणांनी खेळलं, तरी पुढच्या वाटाघाटीत तुम्ही रिकाम्या हातानं बसणार नाही.

मुलगा किंवा मुलगी घरी ‘मला खेळ बनवायचेत’ म्हणाली, की पहिला प्रश्न येतो, ‘त्यात पैसे मिळतात का?’ गेल्या पन्नास वर्षांचा हिशेब सांगतो, की मिळतात. फक्त बहुतेक वेळा ते जग ज्याच्या नावावर आहे त्याला मिळतात. त्यामुळे आई-बाबांनी प्रश्न थोडा बदलून विचारावा, ‘सही कशावर करतेयस, जरा दाखव बघू.’